घाटनाक्यावरचा हैबत: एका प्रतिस्पर्ध्याच्या घडणीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

काम असं: चार खेळाडू, चौघांची पात्रं पाचव्या लेव्हलची, नियम डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा पात्रांचा खेळ) पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. त्यांच्यासमोर माणूस प्रतिस्पर्धी उभा करायचा. घाटाच्या माथ्यावर जकात वसूल करणारा हैबत नाईक. साहसात तो तीनदा भेटतो आणि तिन्ही वेळा तो तोच माणूस वाटला पाहिजे.

आकड्यांना हात लावण्याआधी चार ओळी लिहून घेतल्या.

हवं काय: वर जाणाऱ्या प्रत्येक तांड्यात काय माल आहे आणि तो कुणाचा, ही माहिती. गडावरचा सुभेदार तिचे पैसे मोजतो. जकात हा बहाणा.
सोडेल काय: जकात, गरज पडली तर स्वतःची अब्रूही.
सोडणार नाही काय: धाकटी बहीण कृष्णी. ती नाक्यावरच असते.
भितो कुणाला: सुभेदाराला.

या चार ओळी आधी का? खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत कागदावर नसलेलं काहीतरी करतातच. कुणी लाच देतं, कुणी कृष्णीला ओलीस धरतं, कुणी खेचरं सोडून डोंगर चढायला लागतं. त्या क्षणी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) हैबतचा आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) उपयोगी पडत नाही, त्याला काय हवंय ते उपयोगी पडतं. दुसरं असं की माणूस कधी माघार घेईल हेही याच ओळींतून निघतं. ज्या प्रतिस्पर्ध्याला काहीच नको असतं तो शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत (ते संपले की पात्र पडतं) लढतो, आणि सगळे प्रतिस्पर्धी मग एकसारखे वाटायला लागतात.

५ जून

पाया म्हणून नियमांतला तयार शत्रू, बँडिट कॅप्टन, घेतला. चॅलेंज रेटिंग (सीआर, शत्रू किती कठीण याचा आकडा) २, एसी १५, हिट पॉइंट ६५, तीन वार. तो २ का आहे हे उलगडून पाहिलं, कारण वाढवायचं कुठे ते त्यावरून कळतं. डीएमच्या मार्गदर्शिकेतल्या कोष्टकात ५० ते ७० हिट पॉइंट म्हणजे बचावाचा सीआर १/२, त्याला गृहीत एसी १३. याचा एसी १५, म्हणजे दोनने जास्त, म्हणून एक पायरी वर: बचाव १. हल्ल्यात स्किमिटरचे दोन वार प्रत्येकी ६ आणि खंजिराचा एक ५, एकूण १७. कोष्टकात १५ ते २० म्हणजे सीआर २, गृहीत हल्ला बोनस +३. याचा +५, पुन्हा एक पायरी वर: हल्ला ३. एक आणि तीनची सरासरी दोन. हिशोब चोख जुळतो.

आता समोरची बाजू. पाचव्या लेव्हलला हल्ला बोनस साधारण +७ (प्रावीण्य ३, गुणाचे ४). एसी १५ ला लागायला डी२० (वीस बाजूंचा फासा) वर ८ किंवा वर, म्हणजे ६५ टक्के. दोन हातांची तलवार चालवणारा फायटर दोन वारांत सरासरी १४. रोग (चोरपावलांनी लढणारं पात्र) स्नीक ॲटॅक धरून १२. क्लेरिक (पुजारी) स्पिरिच्युअल वेपन आणि सेक्रेड फ्लेम हे स्पेल (मंत्र) मिळून ११ च्या आसपास. विझार्ड (जादूगार) नुसता फायर बोल्ट टाकत बसला तरी ७. बेरीज ४४-४५. फायटरने ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन) वापरला तर त्यात आणखी १४, आणि विझार्डने फायरबॉल (आगीचा गोळा) टाकला तर सरासरी २८.

म्हणजे ६५ हिट पॉइंटांचा म्होरक्या पहिल्याच राउंडला (प्रत्येकाची एक पाळी) पडू शकतो, तेही त्याची पाळी येण्याआधी. एकट्या म्होरक्याचा हाच घोळ असतो: समोर चार पाळ्या आणि त्यांच्या बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती), याच्याकडे एक पाळी. नुसते हिट पॉइंट दुप्पट करून हा प्रश्न सुटत नाही, लढाई फक्त लांबते. पाळ्या वाढवाव्या लागतात, म्हणजे माणसं वाढवावी लागतात.

९ जून

हैबतचा स्टॅटब्लॉक (आकड्यांचा तक्ता), पहिला मसुदा.

एसी १५ (खिळे मारलेलं चामडी चिलखत १२, डेक्स्टेरिटीचे ३). हिट पॉइंट ९७ (१५डी८+३०, म्हणजे आठ बाजूंचे पंधरा फासे आणि वर ३०). स्ट्रेंथ १८. हत्यार ग्लेव्ह, म्हणजे लांब दांड्याला बसवलेलं पातं, पोच १० फूट. मल्टीॲटॅक: पात्याचे दोन वार, +६, प्रत्येकी १डी१०+४ (९), आणि दांड्याच्या टोकाचा एक, १डी४+४ (६). एकूण २४.

बोनस ॲक्शन, हाक: ६० फुटांतला, त्याला ऐकू शकणारा एक साथीदार स्वतःची रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) खर्चून निम्म्या वेगाने सरकतो किंवा एक बाण मारतो.

बँडिट कॅप्टनची पॅरी (वार अडवणं) काढून टाकली. पॅरी आणि अपॉर्च्युनिटी ॲटॅक दोन्ही रिॲक्शनवर चालतात, आणि डीएमला सहा जणांच्या पाळ्या सांभाळताना दोन्हींतली निवड करत बसावं लागतं. १० फूट पोच असलेल्या माणसाच्या तावडीतून निघताना वार खावा लागणं हे टेबलावर लगेच जाणवतं. पॅरीचं +२ कुणाच्या लक्षातही येत नाही.

सीआरची उजळणी. बचाव: ९७ म्हणजे सीआर २ (८६ ते १००), एसीचे दोन जास्त, म्हणून ३. हल्ला: २४ म्हणजे सीआर ३, गृहीत बोनस +४, आपला +६, म्हणून ४. हाक धरली तर बाणाचे ६ मिळून ३०. तो आकडा थेट सीआर ४ मध्ये बसतो, तिथला गृहीत बोनस +५, फरक एकाचाच, म्हणून पायरी बदलत नाही. दोन्ही वाटांनी ४ च. सरासरी साडेतीन, धरायचे ४. एक्सपी (अनुभवाचे गुण) १,१००.

हिट पॉइंटबद्दल एक ठाम मत. १५डी८+३० म्हणजे ४५ ते १५० मधलं काहीही नियमात बसतं. डीएमने गट पाहून आकडा बदलावा, पण इनिशिएटिव्हचा (पाळ्यांच्या क्रमाचा) डाव पडण्याआधी. लढाई रंगात आल्यावर हिट पॉइंट गुपचूप वाढवले की खेळाडूंनी जपून ठेवलेल्या चांगल्या चालीची किंमत शून्य होते. कार्डावर तीन आकडे छापायचे: ८२, ९७, ११२.

१२ जून

नकाशा. मांडणीची कल्पना नाणेघाटावरून घेतली आहे: दोन कड्यांमधली अरुंद खिंड, चढत जाणारी दगडी वाट आणि वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. मापं खेळाच्या सोयीने आमची. खिंड १५ फूट रुंद, १२० फूट लांब, म्हणजे पाच फुटांच्या तीन पट्ट्या आणि चोवीस घरं. वरच्या टोकाला फळ्यांचा दरवाजा, साखळीवर टांगलेला. दोन्ही कड्यांवर २० फूट उंचीवर सपाट्या, त्यांना गुडघाभर दगडी कठडा.

२० फूट चढायला ४० फूट वेग खर्च होतो, कारण चढताना प्रत्येक फुटाला एक जादा लागतो. ३० वेगाच्या फायटरला त्यासाठी डॅश (दुप्पट धाव) करावा लागतो आणि त्याची ॲक्शन जाते. रोग बोनस ॲक्शनने डॅश करून त्याच पाळीत वर पोहोचतो आणि वारही करतो. हे मुद्दाम तसंच ठेवलं. प्रत्येक पात्राला या खिंडीत स्वतःचं असं एक काम सापडलं पाहिजे.

१६ जून

तिरंदाज चार, स्काउटचा स्टॅटब्लॉक जसाच्या तसा: सीआर १/२, एसी १३, हिट पॉइंट १६, पाळीला दोन बाण, +४, प्रत्येकी १डी८+२. कठड्याआड हाफ कव्हर, म्हणून एसी १५.

कुठे उभे करायचे हे फायरबॉलवरून ठरतं. त्रिज्या २० फूट, म्हणजे ४० फुटांच्या आत असलेले कोणतेही दोघे एकाच गोळ्यात सापडतात. सरासरी २८. सेव्ह (फासा टाकून बचाव) चुकला की १६ हिट पॉइंटांचा स्काउट खलास, साधला तर १४ लागून २ उरतात. चौघे एकाच सपाटीवर ठेवले तर एका स्पेलमध्ये सामना संपतो. म्हणून खिंडीच्या तोंडापासून १०, ५५ आणि १०० फुटांवर तिघे, कधी डाव्या तर कधी उजव्या कड्यावर, आणि चौथा दरवाज्याच्या साखळीपाशी. आता एका फायरबॉलला बहुतेक एकच स्काउट मिळतो, दरवाज्याकडे फार तर दोन किंवा जोडीला म्होरक्या. विझार्डला विचार करावा लागतो.

कव्हरचे +२ डेक्स्टेरिटी सेव्हलाही मिळतात, मात्र गोळा कुठे फुटला त्यावर ते ठरतं. कठड्याच्या आतल्या बाजूला फोडला तर कव्हर नाही. कार्डावर ही ओळ हवीच, नाहीतर टेबलावर वाद होतो.

बाण कुणावर? चार ओळींकडे परत गेलो. हैबतला तांड्यातला माल आणि त्याचे मालक समजून घ्यायचे आहेत, मुडदे पाडायचे नाहीत. म्हणून हुकूम असा: आधी जो सपाटीकडे चढतो त्याच्यावर, मग जो साखळीला हात घालतो त्याच्यावर, मग जो हैबतच्या सगळ्यात जवळ आहे त्याच्यावर. खेचरांवर कधीच नाही. खेळाडूंच्या हे ध्यानात आलं की ते खेचरांचा आडोसा घेतात, आणि मग तिरंदाज बाण रोखतात. प्रतिस्पर्ध्याच्या हेतूचा फायदा खेळाडूंना उठवता यावा, हेच तर हवंय.

२० जून

कृष्णी. पाया कल्ट फॅनॅटिक: सीआर २, एसी १३, हिट पॉइंट ३३, चौथ्या लेव्हलची स्पेलकास्टर. विझडम १६ केली, म्हणजे सेव्ह डीसी (फाशावर गाठायचा आकडा) १३. मूळ डीसी ११ पाचव्या लेव्हलच्या पात्रांना फारच हलका पडतो.

मूळ यादीतला होल्ड पर्सन बदलला. हा स्पेल लागला की एक खेळाडू हात बांधून बसतो, आणि पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल होतो. नियमांच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. पण दर वेळी सेव्ह चुकला तर माणूस वीस-पंचवीस मिनिटं फक्त एक फासा टाकतो. प्रतिस्पर्ध्याच्या स्पेलने खेळाडूला नवा प्रश्न द्यावा, त्याची पाळी काढून घेऊ नये.

त्याजागी गस्ट ऑफ विंड: ६० फूट लांब, १० फूट रुंद वाऱ्याचा झोत. झोतात पाळी सुरू झाली की स्ट्रेंथ सेव्ह, चुकला तर १५ फूट मागे. कृष्णीच्या दिशेने सरकायला दर फुटाला दोन फूट वेग लागतो. खिंडीत याच्यासारखा स्पेल नाही. फायटरचा सेव्ह +७, तो चारपैकी तीनदा टिकतो. विझार्डचा −१ असेल तर तो साधारण तीनातून एकदाच टिकतो.

इथे तीन गोष्टी एकमेकींत अडकतात आणि त्या नीट बसवायला वेळ द्यावा लागतो. झोत स्वकीय-परके पाहत नाही. कृष्णी हैबतच्या पाठीमागे उभी राहिली तर तोही उडतो. खिंड तीन पट्ट्यांची, झोत दोन पट्ट्या व्यापतो, एक पट्टी कोरडी राहते. हैबत त्या उजव्या, कोरड्या पट्टीत. त्याची पोच १० फूट, म्हणजे तिथून उरलेल्या दोन्ही पट्ट्या त्याच्या पात्याखाली येतात. वाऱ्यातून रेटत जाणारा फायटर त्याला दोन पावलांवर मिळतो आणि तोल जाऊन मागे फेकला जाणारा पुढच्या पाळीला पुन्हा तिथेच यायला धडपडतो. एकच भेग ठेवली: भिंतीला चिकटून जाणारी तीच कोरडी पट्टी थेट हैबतपर्यंत जाते. ती ज्याला दिसली त्याने लढाई अर्धी जिंकली. खिंड २० फूट रुंद केली तर हे सगळं विस्कटतं, म्हणून नकाशावर रुंदीच्या शेजारी «बदलू नका» असं छापायचं.

स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता, फटका बसला की मोडू शकते) लागतं. कृष्णीचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +१, डीसी १०, म्हणजे प्रत्येक फटक्याला टिकायची शक्यता ६० टक्के. दोन फटके बसले तर ३६. एका फटक्यात २२ किंवा जास्त लागलं तर डीसी चढतो. रोगने तिला गाठलं की वारा थांबतो, आणि थांबायलाच हवा.

तिच्या पहिल्या तीन पाळ्या: वारा, मग स्पिरिच्युअल वेपन बोनस ॲक्शनने आणि सेक्रेड फ्लेम (बोनस ॲक्शनने स्पेल टाकला की त्या पाळीत ॲक्शनने फक्त कँट्रिप (हवा तितक्यांदा टाकता येणारा साधा स्पेल) चालते), मग कमांड, शब्द «थांब». वाऱ्याची दिशा बदलायलाही बोनस ॲक्शनच लागते, त्यामुळे दिशा बदलली त्या पाळीत वेपनला फुरसत नाही. हेही कार्डावर.

बाण वाऱ्याने वळतात का, हा प्रश्न येणारच. स्पेलच्या मजकुरात तसं काही नाही. उत्तर: नाही.

२३ जून

बेरीज. हैबत १,१००, कृष्णी ४५०, स्काउट चार गुणिले १००. एकूण १,९५०. शत्रू सहा, म्हणून गुणक दोन: ३,९००. चार पात्रांसाठी पाचव्या लेव्हलला हार्ड (कठीण) ३,०००, डेडली (जीवघेणा) ४,४००. मधोमध बसलं.

२०२४ च्या मार्गदर्शिकेत हा गुणक काढून टाकला आहे. तिथे चौघांसाठी लो, मॉडरेट, हाय हे आकडे २,०००, ३,००० आणि ४,४००. त्या पद्धतीने हाच सामना १,९५० चा, म्हणजे लोच्याही खाली. दोन आवृत्त्यांचे स्टॅटब्लॉक आणि बजेट एकमेकांत मिसळले की असा भलता निष्कर्ष निघतो. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात «२०१४» ठळक हवं.

सगळ्यांचे मिळून हिट पॉइंट १९४. गटाचे राउंडला ४५. चार राउंडांच्या थोडं पुढे, मोठे स्पेल धरले तर तीन. प्रतिस्पर्ध्याला स्वतःची ओळख पटवायला इतकाच वेळ असतो. चौथ्या राउंडसाठी राखून ठेवलेली करामत बहुतेक वेळा कुणी पाहतच नाही, म्हणून हैबतची सगळी वैशिष्ट्यं पहिल्या दोन पाळ्यांत दिसतील अशी लावली.

२८ जून

टेबलावरच्या चाचण्यांतून निघालेले बदल.

चारही स्काउट एकाच इनिशिएटिव्हवर असले की आठ बाण एका दमात सुटतात. विझार्डचा एसी १५ असेल तर निम्मे लागतात, सरासरी २६. कॉन्स्टिट्यूशन +२ च्या विझार्डचे हिट पॉइंट ३२. हाकेचा बाण आणि एखादा क्रिटिकल पडला की तो आडवा, आणि मधे कुणालाच काही करता आलेलं नसतं. दोन जोड्या केल्या: पहिला आणि तिसरा एका आकड्यावर, दुसरा आणि चौथा दुसऱ्या. आता मधे क्लेरिकची पाळी येण्याची संधी असते. एकूण नुकसान तेवढंच राहतं, पण खेळाडूंना उत्तर देता येतं.

हाक विसरली जाते. डीएम हैबतचे तीन वार टाकून पुढे जातो. उपाय: कार्डावर हाक मल्टीॲटॅकच्या वर छापली आणि तिच्याबरोबर बोलायचं वाक्यही दिलं, «गोप्या, वरचा बघ!». बोलायचं वाक्य असलं की डीएमला नियमही आठवतो. चारही स्काउटांना नावं दिली: गोपा, भिवा, सखू, लहान्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खेळाडूंनी बोलण्याआधीच हत्यारं उपसली, कारण नकाशा मांडला गेला आणि सपाट्यांवरचे तिरंदाज दिसले. टेबलावर चौकटींचा नकाशा आला की सगळे लढाई गृहीत धरतात. म्हणून क्रम बदलला. आधी नुसतं वर्णन आणि हैबतचं बोलणं. नकाशा तेव्हाच मांडायचा, जेव्हा कुणीतरी बोलणं मोडेल.

३ जुलै

माघार.

१९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक प्राण्याला २ ते १२ मधला मोरालचा (हिंमतीचा) आकडा असे. दोन डी६ टाकायचे, बेरीज त्याहून जास्त आली की पळ किंवा शरणागती. आकडा ७ असेल तर फुटण्याची शक्यता ३६ पैकी १५, ८ असेल तर १०. एका आकड्यात स्वभाव मावायचा. २०१४ च्या मार्गदर्शिकेत हा नियम ऐच्छिक आहे: डीसी १० चा विझडम सेव्ह, पहिल्यांदा हिट पॉइंट निम्म्यावर आले, म्होरक्या पडला, समोरचं नुकसान न होता आपला निम्मा गट गेला अशा वेळी. स्काउटचा विझडम +१, म्हणजे ६० टक्के टिकतात.

स्काउटांना तोच नियम ठेवला. हैबतला फासा नाही. ४८ हिट पॉइंटांवर किंवा कृष्णी पडताच तो «मागं व्हा!» म्हणतो. त्यानंतर हाक फक्त माघारीसाठी: ज्याला हाक मारली तो निम्म्या वेगाने सरकतो आणि त्या सरकण्यावर अपॉर्च्युनिटी ॲटॅक होत नाही. लहान्या ॲक्शनने साखळी सोडतो, दरवाजा पडतो. दरवाजा एसी १५, हिट पॉइंट २७. फायटर आणि जोडीला आणखी कुणी असेल तर एका राउंडमध्ये फोडतात. तेवढ्यात डॅश करून हैबत ६० फूट पुढे.

एक राउंडची आघाडी पुरेशी आहे, हमखास नाही. प्रतिस्पर्धी निसटलाच पाहिजे असं डीएमने ठरवून ठेवलं की खेळाडूंना ते कळतं आणि चिडही येते. हैबत पकडला गेला तर साहस थांबत नाही. दुसऱ्या भेटीचा पर्यायी मसुदा त्यासाठीच आहे. कृष्णी मागे राहिली तर मात्र तो पळत नाही. हत्यार टाकतो आणि बोलायला लागतो.

८ जुलै

बोलण्याचं कार्ड.

जकात जनावरामागे दोन सोन्याची नाणी. पाचव्या लेव्हलच्या गटाला ही रक्कम कळतही नाही, आणि तसंच हवं. पैशावरून भांडण झालं तर ते कंटाळवाणं होतं. खरी अडचण दुसऱ्या अटीत: «पेट्या उघडून दाखवा आणि माल कुणाचा ते पावतीवर लिहा.» गटाकडे एक मोहोरबंद पेटी आहे, जी उघडायची नाही असं त्यांना आधीच सांगितलेलं आहे.

हैबतचं बोलणं घाटावरचं, शांत. पाव्हण्यांना मान देऊन बोलतो, आवाज चढवत नाही. नमुने:

«या पाव्हणं, दमला असाल. पाणी प्या आधी. मग पेट्या बघू.»
«माझं तुमच्याशी वैर न्हाई. पर बिनपावतीचं कुणी वर गेलं तर मला वर जाब द्यावा लागतो.»

दुसऱ्या वाक्यात «वर» हा इशारा आहे. इनसाइट (समोरच्याचं मन ओळखणं) डीसी १३ साधला की कळतं, हा कुणाला तरी घाबरून आहे. डीसी १७ ला कळतं की त्याला जकातीत रस नाही. फासा न टाकता कळायची वाटही ठेवली: जास्त पैसे देऊ केले तर तो नकार देतो. पैसे नाकारणारा जकातदार पाहून कुणीतरी विचारतंच.

पेटी उघडून दाखवली, खोटी पावती लिहिली, रात्री कड्यावरून गेले, किंवा सुभेदाराविरुद्ध संरक्षण देऊ केलं, तरी सामना पार पडला असं धरून पूर्ण एक्सपी. हे कार्डावर स्पष्ट लिहिलं, कारण फक्त मारण्याला एक्सपी दिले की खेळाडू हैबतशी बोलणं थांबवतात.

१४ जुलै

दुसरी भेट. गट सहाव्या लेव्हलला असेल. इथे एकच नियम पाळायचा: ज्याने पाहिलं आणि जो जिवंत परतला, त्याच्याकडून जेवढं कळेल तेवढीच तयारी. पहिल्या लढाईनंतर डीएमने एका चौकटीत लिहायचं, कोण निसटलं आणि त्याने काय पाहिलं. फायरबॉल पाहणारा गोपा परतला असेल तर या वेळी तिरंदाज तांड्याच्या खेचरांजवळ उभे राहतात, म्हणजे विझार्डला स्वतःचा माल जाळल्याशिवाय गोळा टाकता येत नाही. रोग चढून आला हे भिवाने सांगितलं असेल तर सपाट्यांखाली सुटे दगड रचलेले असतात. कुणीच परतलं नसेल तर तयारी शून्य.

हा नियम नसेल तर प्रतिस्पर्धी डीएमच्या डोक्यातलं वाचतो. गटाने न दाखवलेल्या स्पेलवर त्याच्याकडे उतारा तयार असतो, आणि खेळाडू आपली चाल लपवायचं सोडून देतात. उलट नियम उघड सांगितला की गट निसटणाऱ्या स्काउटाच्या मागे जिवाच्या आकांताने धावतो, किंवा त्याच्यादेखत मुद्दाम भलताच स्पेल वापरतो. दोन्ही दृश्यं फुकटात मिळतात.

हैबतने भाड्याने मेज (तयार जादूगार शत्रू) आणावा, हा पर्याय तपासून सोडला. तयार मेज सीआर ६, हिट पॉइंट फक्त ४०, पण जवळ कोन ऑफ कोल्ड, ८डी८, सरासरी ३६. इनिशिएटिव्ह त्याला आधी मिळाला तर दोन पात्रं पहिल्याच पाळीत लोळतात. गटाला मिळाला तर तो काही न करता मरतो. निकाल पहिल्या डी२० वर ठरत असेल तर बाकीची मांडणी वाया जाते. काउंटरस्पेल (समोरचा स्पेल मोडणारा) हवाच असेल तर तो ६० फुटांच्या आत यावा लागतो, आणि इतक्या नाजूक माणसाला तिथे उभं करायला हैबतसारखा सावध माणूस तयार होणार नाही.

१९ जुलै

परवाना. एसआरडी ५.१ (डी अँड डीचा खुला नियमसंच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० ॲट्रिब्यूशन परवान्याखाली आहे. बँडिट कॅप्टन, स्काउट, कल्ट फॅनॅटिक तिन्ही त्यात आहेत, म्हणून त्यांवर बेतलेले स्टॅटब्लॉक श्रेय देऊन छापता येतात. सीआरचं कोष्टक एसआरडीत नाही. ते पुस्तिकेत न छापता फक्त आमचे निष्कर्ष द्यायचे.

कार्ड ए५ आकाराचं, दोन बाजू. पुढे चार ओळी, बोलणं, माघारीची अट. मागे आकडे आणि प्रत्येकाच्या पहिल्या तीन पाळ्या. चार ओळी पुढच्या बाजूला सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. हिट पॉइंट मोजायला स्काउटांच्या नावापुढे सोळा-सोळा चौकोन.

२४ जुलै

तिसरी भेट, गट सातव्या लेव्हलला. हैबतचे आकडे वाढवायचे नाहीत. तो सीआर ४ च राहतो, खेळाडू पुढे गेलेले असतात, आणि ते त्यांना जाणवलंही पाहिजे. या वेळी सुभेदाराची माणसं त्याच्या मागावर: दोन व्हेटरन (सीआर ३, एसी १७, हिट पॉइंट ५८) आणि एक नाइट (सीआर ३, एसी १८, हिट पॉइंट ५२). २,१०० गुणिले दोन म्हणजे ४,२००. चौघांसाठी हार्ड ४,४०० पासून, म्हणजे वरचा मीडियम. हैबत गटाच्या बाजूने लढला तर सोपं, सुभेदाराच्या बाजूने लढला तर ३,२०० गुणिले दोन, ६,४००, डेडलीच्या ६,८०० ला टेकलेलं. तो कोणत्या बाजूला, हे पहिल्या दोन भेटींत कृष्णीचं काय झालं त्यावर.

बाकी काम: तिसऱ्या भेटीसाठी रांजणाभोवतीचा उघड्या माथ्याचा नकाशा, हैबत गटाबरोबर असेल तेव्हा त्याची पाळी कोणता खेळाडू चालवेल याचा नियम, आणि कृष्णी मेली असेल तर त्याच्या तोंडची दोन वाक्यं.